घुमरीची शेपटी

"उद्या समितीला ते कापलेले तुकडे ऐकवू नकोस हं. पूर्ण आवाज दे. वारा, पाणी, बेडूक, सगळं त्यात येऊ दे. आपण माणसांना जेवायला वाढतोय, औषधाच्या गोळ्या देत नाही आहोत!"

विभागप्रमुख बाईंनी हे दारातूनच सांगितले आणि त्या पुढच्या खोलीकडे वळल्या. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यापर्यंत गेला, तोवर तिची मान डोलावून झाली होती.

विभागात तिला सगळे कानसेन म्हणत. पक्षिशास्त्राच्या त्या अरुंद प्रयोगशाळेत, खिडकीला पाठ करून, कानांवर हेडफोन चढवून ती दिवसचे दिवस बसे. शहराच्या कडेला जी दलदल होती तिच्यातल्या खांबांवर तिने आवाज टिपणारी यंत्रे बांधली होती. ती यंत्रे पहाटे आणि संध्याकाळी आपोआप सुरू होत, ऐकत आणि गप्प होत. त्यांनी आणलेल्या आवाजांच्या ढिगातून संगणक एकेक तुकडा उचलून तिच्या पुढ्यात टाके आणि ती त्याला नाव देई. हा बेडूक, हा बगळा, ही लांबची मोटार. उन्हाळे लांबत चालल्यावर दलदलीतले कोणते आवाज टिकतात आणि कोणते विझतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. पण तिचे नाव झाले ते एकाच आवाजामुळे.

तो आवाज घुमरीचा. घुमरी हा मुठीएवढा, मातकट रंगाचा, बोरूच्या दाट रानात पाण्यावर घरटे बांधणारा पक्षी. दिसायला विशेष काही नाही. पण रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कुणी हळूच फुंकर घालावी तसा त्याचा घुमारा. पूर्वी दलदलीत पाणी उन्हाळा संपेपर्यंत टिके. पुढे ते लवकर आटू लागले, घरट्यांखाली कोरडी जमीन उघडी पडू लागली, तिच्यावरून मांजरे आणि मुंगसे चालत येऊ लागली, आणि ती स्वतः शाळेत जात होती त्याच काळात कधीतरी घुमरी बोलायची थांबली.

उरली होती ती विभागातल्या जुन्या प्राध्यापकांची, सगळ्यांच्या सरांची, एक टेप. सरांनी तरुणपणी, गुडघाभर चिखलात उभे राहून, घुमरीचा आवाज टिपून ठेवला होता. पक्षी नाहीसा झाल्यावर दर हंगामात सर स्पीकर घेऊन दलदलीच्या काठी जात, टेपवरचा तो घुमारा बोरूत सोडत आणि उत्तराची वाट पाहत. साद घालायची आणि कान देऊन बसायचे, ही पक्षी शोधण्याची जुनी रीत. विद्यार्थी आले, पदव्या घेऊन गेले, सर निवृत्त झाले. पण संध्याकाळची साद काही चुकली नाही. पोरे मागून म्हणत, "सरांचं लग्न ठरलंय, नवरी तेवढी यायची आहे."

आणि मागच्या हंगामात उत्तर आले. तिच्याच यंत्राने ते टिपले. वर्तमानपत्रांत बातमी झळकली. दलदल बुजवून तिथे बसगाड्यांचे आगार उभारायचा नगरपालिकेचा बेत होता, तो थांबला आणि एक समिती नेमली गेली. त्या दिवशी सर विभागाच्या बोळातल्या बाकावर बसून रडले होते. चष्म्याच्या काचा पुसायच्या फडक्याने डोळे पुसत, लहान मुलासारखे.

उद्या सकाळी ती समिती दलदलीवर येणार होती.

तिने त्या उत्तराची मूळ नोंद उघडली. एरवी ती आवाज बघे जास्त आणि ऐके कमी. पडद्यावर आवाजाचे चित्र उमटते. घुमरीचा घुमारा म्हणजे एक रुंद, काळी कमान. कमानीच्या मागे, केसभर अंतर सोडून, एक पुसटसा डाग असे, सांडलेल्या मोहरीसारखा. त्याला तिने शेपटी असे नाव दिले होते. प्रत्येक तुकड्याची शेपटी ती कापून टाकी. प्रबंधात तसे लिहिलेही होते: 'शेवटचा अवांतर आवाज वगळला आहे.' त्यात गैर काही नव्हते. भाजी निवडावी तसे हे काम. देठ कोण शिजवतो?

आज तिने काही न कापता सगळे चालू केले.

वारा आला. बेडूक आले. मग बोरूत रात्रीच्या मुक्कामाला उतरणाऱ्या साळुंक्यांचा बाजार भरला. तो हळूहळू ओसरला, आणि त्या शांततेत घुमरी बोलली. ऊऽऽम. आणि तिच्या पाठोपाठ:

"अहं-खुं."

तिने हेडफोन काढले. पुन्हा घातले. मागे जाऊन पुन्हा ऐकले.

ते खाकरणे होते. म्हाताऱ्या माणसाचे नव्हे. तरुण माणसाचे, पण तेच. शेवटी जरासे वर उचललेले, जणू आता काहीतरी महत्त्वाचे सांगायचे आहे. वाक्याच्या आधी एकदा आणि वाक्याच्या नंतर एकदा असे सर आयुष्यभर खाकरत आले होते. विभागात एकही माणूस असा नव्हता ज्याला ती नक्कल येत नव्हती. स्नेहसंमेलनात दरवर्षी कुणीतरी सर व्हायचे, नुसते 'अहं-खुं' म्हणायचे आणि टाळ्या घ्यायचे.

तिने सरांची जुनी टेप लावली. ऊऽऽम, अहं-खुं. पक्षी बोलून संपला न संपला तोच तरुण सरांना घसा आवरला नव्हता. कुणीतरी एकदा ते काढून टाकू म्हणाले, तर सरच म्हणाले होते, "राहू दे. तेवढीच माझी सही." म्हणून वर्षानुवर्षे ती साद सहीसकट बोरूत जात राहिली. संध्याकाळी. साळुंक्यांच्या मुक्कामाच्या जागेवर. साळुंकी ही कुणाचाही आवाज उचलते. दाराची करकर, शिट्टी, मांजर.

यंत्रावरच्या नोंदीत खाकरण्यानंतर, श्वासही न मोडता, त्याच गळ्यातून साळुंकीची किरकिर सुरू झाली होती. तो भागही तिने दरवेळी कापलेला होता.

म्हणजे घुमरी आलीच नव्हती. त्यांनी वर्षानुवर्षे जो प्रश्न विचारला, तोच साळुंक्यांनी पाठ करून परत म्हणून दाखवला होता.

चूक कळली तेव्हा तिच्या पायांखालची जमीन सरकली नाही. तसे झाले असते तर बरे झाले असते. उलट, ओळखीची वस्तू अंधारात हाताला लागावी तसे तिला वाटले. कारण पहिल्या आठवड्यात, पहिली कमान पडद्यावर उमटली तेव्हा, तिच्या कानांवर हेडफोन होते. शेपटी तिने ऐकली होती. क्षणभर कान टवकारला होता आणि त्याच क्षणी हात पुढे झाला होता. कानाने काही सांगायच्या आत हाताने कापून टाकले होते. मग ती ओरडत बोळात धावली होती: "सर, सर, आली!" त्यानंतर तिने शेपट्या ऐकल्या नाहीत, नुसत्या बघितल्या. कानसेन!

सरांना आजच सांगायला हवे होते. उद्या सगळ्यांसमोर ते त्या पक्ष्याच्या नावाने उभे राहणार होते.

सर मुलाकडे राहत. दार सूनबाईंनी उघडले. त्यांच्या तोंडात दोरा होता.

"या, या. बरं झालं आलात. जरा तुम्हीच सांगा यांना. कोट घट्ट होतोय, पण दुसरा घालायचा नाही म्हणतात. बाबा, श्वास सोडू नका, बटण तुटेल!"

सर आरशासमोर छाती पुढे काढून उभे होते. कोटाचा रंग कोणे एके काळी काळा असावा.

"अहं-खुं. हा कोट मी घुमरीवरचा पहिला निबंध वाचताना घातला होता. पोट वाढलं, तो काय कोटाचा गुन्हा?" ते आरशातूनच तिच्याशी बोलत होते. "अगं, बस ना. तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

"सर, मला एक सांगायचं होतं."

"मला आधी सांगू दे. उद्या मी एकच वाक्य बोलणार आहे. बायको होती तेव्हा म्हणायची, तुमचं एक वाक्य म्हणजे जेवण थंड. तरी एकच. ऐक." सर वळले. बटण सुटले, सूनबाईंनी कपाळाला हात लावला. "मी इतकी वर्षं रिकाम्या घराचं दार वाजवत होतो, आणि या मुलीनं आत माणूस आहे हे दाखवलं. बास. अहं-खुं. कसं वाटलं?"

तिने खुंटीवरच्या मफलरकडे पाहिले.

"लोक मला खुळा म्हणायचे ना, मला ठाऊक आहे," सर म्हणाले. "माझ्यासमोर म्हणत नसत एवढंच. तू कधी म्हणाली नाहीस. बोल, काय सांगत होतीस?"

"पहाटे गारवा असेल," ती म्हणाली. "मफलर घ्या."

"हे सांगायला एवढी आलीस? सूनबाई, बघा, पोटची पोरं विचारत नाहीत."

जिना उतरताना तिला स्वतःचीच किळस आली. आली होती काय सांगायला, आणि सांगून निघाली मफलर.

घरी ताई भाकरीचे पीठ मळत होती. ताई तिची थोरली बहीण. औषधांच्या दुकानात काम करणारी आणि बोलण्यातही मात्रा मोजून देणारी. तिने सगळे ऐकून घेतले, पिठाचा हात न थांबवता.

"माझ्या हातून चुकीची गोळी गेली, तर मी सकाळची वाट बघते का? चप्पल न घालता गिऱ्हाइकामागे धावते."

"इथे कुणी गोळी गिळलेली नाही, ताई. सांगितलं तर दलदल बुजवतील. तिथे घुमरी नसली तरी बाकी सगळं आहे. बेडूक आहेत, बगळे आहेत."

"मग आधीच म्हणायचं होतं, बेडूक आहेत म्हणून."

"बेडकांसाठी कोणी आगार थांबवत नाही."

"म्हणजे तू बेडकांसाठी गप्प बसलीयस?" ताईने पहिल्यांदा मान वर केली. "की आपली लाज झाकायला बेडकांना पुढे केलंस?"

ती ताटे मांडू लागली.

"आणि उद्या त्या साळुंक्या खाकरल्या म्हणजे? देव पाण्यात घालून बसणार आहेस?"

तिने फोन लावला. सूनबाईंनी उचलला. बाबा आज लवकर आडवे झालेत, उद्याचा उत्साह, उठवू का? "नको, नको," ती घाईने म्हणाली, आणि फोन ठेवताना तिला हायसे वाटले. आयुष्यात इतके लाजिरवाणे हायसे तिला कधी वाटले नव्हते. ताईने ते तिच्या चेहऱ्यावर वाचले आणि पीठ पुन्हा मळायला घेतले. आता त्याची काही गरज नव्हती.

मग जेवायच्या आधी तिने आपला संगणक उघडला आणि समितीसाठीच्या नोंदीची शेपटी कापली. वारा ठेवला, पाणी ठेवले, बेडूक ठेवले, घुमरीची कमान ठेवली. पुढचे नाही. पहिल्यांदा कापले तेव्हा हात कानाच्या पुढे गेला होता; या वेळी कान, हात आणि ती, तिघेही जागे होते.

सकाळी दलदलीवर धुके होते. काठाला मोटारी उभ्या राहिल्या. समितीचे अध्यक्ष, बांधकाम खात्याचा अभियंता, दोन-चार सदस्य, विभागप्रमुख बाई आणि कॅमेरा घेतलेला एक वार्ताहर असे सगळे लाकडी मचाणावर जमले. सर घट्ट कोटात आणि मफलरात आले होते. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"सुरू करा," अध्यक्ष म्हणाले. "आम्हाला पुढे दुसरी जागा बघायची आहे. आमची अवस्था म्हणजे नवऱ्या मुलीच्या बापासारखी, रोज एक स्थळ."

तिने स्पीकर चालू केला. वारा, पाणी, बेडूक. ऊऽऽम. मग स्वच्छ, कापलेली शांतता.

सगळ्यांनी श्वास रोखले. बोरूत काही हलले नाही. चालेल, तिच्या मनात आले. काहीच बोलू नका, उत्तर न मिळणे हे नेहमीचेच आहे. आणि तेवढ्यात मचाणाच्या अगदी जवळून, स्पष्ट, गोल, घुमारा आला.

ऊऽऽम.

"वा!" अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी काढली. विभागप्रमुख बाईंनी डोळे मिटले. सरांची बोटे तिच्या खांद्यावर घट्ट झाली.

"अहं-खुं."

थोडा हशा पिकला. "सर, गारवा बाधला वाटतं," अध्यक्ष म्हणाले. "मफलर नीट घ्या."

पण सरांचे तोंड मिटलेले होते. ते अध्यक्षांकडे बघत नव्हते, बोरूकडे बघत होते. दुसऱ्या झुडपातून पुन्हा आले: ऊऽऽम, अहं-खुं. मग पलीकडून तिसऱ्यांदा, जरा चुकीच्या सुरात. आता कुणी हसले नाही. वार्ताहराने कॅमेरा खाली घेतला. बोरू थरथरला आणि साळुंक्यांचा थवा किरकिरत वर उठून शहराच्या दिशेने निघून गेला.

सरांचा हात तिच्या खांद्यावरून निघाला. तो कधी निघाला ते तिला नेमके कळले. तिथे गार वाटले.

"अध्यक्ष महाराज," सर म्हणाले. या वेळी वाक्याआधी ते खाकरले नाहीत. "तो मी होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे घुमरी नाही. या साळुंक्या आहेत. आमच्या टेपवर घुमरीमागून माझा खोकला आहे, आणि ती टेप आम्ही वर्षानुवर्षे यांना ऐकवली. पोरं माझी नक्कल करतात, आता पाखरंही करायला लागली."

"मग आम्ही बघायला आलो ते काय?"

"दलदल आलात बघायला. ती समोर आहे."

"समिती पक्ष्यासाठी नेमली आहे, सर," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "पक्षी नाही, हे अहवालात लिहावंच लागेल."

"लिहा. आणि चूक माझी, असंही लिहा. टेप माझी, हट्टही माझाच. या मुलीचा यात काही दोष नाही. यंत्रानं जे आणलं ते तिनं दाखवलं."

विभागप्रमुख बाईंनी तिच्याकडे पाहिले. काही बोलायचे असेल तर ते आताच बोलायचे होते. ती स्पीकरची वायर गुंडाळत राहिली. गुंडाळून झाल्यावर सोडून पुन्हा गुंडाळली. मंडळी मचाण उतरली आणि मोटारींपाशी चहा प्यायला थांबली. अभियंत्याने हळूच काहीतरी खाकरून दाखवले आणि कुणीतरी खिंकाळून हसले.

सर मचाणाच्या कठड्याला टेकून उभे होते. कोटाचे बटण अखेर तुटले होते.

"कसला हुबेहूब उचललाय," ते म्हणाले. "माझा आवाज असा होता, मी विसरलोच होतो." मग, तिच्याकडे न बघता: "कापलेल्या तुकड्यांत ते कुठून ऐकू येणार? तुला कसं कळावं."

तो प्रश्न नव्हता. ते दार होते; सरांनी तिच्यासाठी उघडून धरलेले. मान डोलावली की ती पलीकडे.

"मला कळलं होतं," ती म्हणाली.

"काल?"

"काल नक्की कळलं. तुमच्याकडे आले ते हेच सांगायला. पण ऐकलं होतं पहिल्या आठवड्यातच, सर. ऐकलं आणि कापलं. आणि काल रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा कापलं, आज ऐकवायला."

सरांनी मफलर सोडून हातात घेतला आणि त्याच्याकडे पाहत राहिले, जणू तो कुठून आला हे आत्ता उमगत होते.

"काल सांगायचं होतंस," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला सोसले असते. "काल घरात सांगितलं असतंस तर मी पोट धरून हसलो असतो. साळुंकीनं मला उचललं म्हणून सूनबाईला सांगितलं असतं, शेजारी सांगितलं असतं. आज इथे हसू आलं नाही. दुसऱ्यांना आलं."

तिच्या डोळ्यांतून पाणी आले. ते आले याचीही तिला लाज वाटली.

"दलदल, सर..."

"दलदलीचं मी बघतो. बेडकांची बाजू मांडीन, पाण्याची मांडीन. जमलं तर जमलं." त्यांनी मोटारींकडे बोट केले. "चहा संपायच्या आत जा. तुझा दोष नाही, असं एक खोटं मी आत्ता त्यांच्यापुढे बोललोय. मला ते ठाऊक नव्हतं, तुला होतं."

मचाणाच्या पायऱ्या ओल्या होत्या. ती उतरली, चिखलातल्या फळ्यांवरून चालू लागली. मोटारींपाशी अध्यक्ष कपातला शेवटचा घोट घेत होते. तिच्या मागे कुणीतरी खाकरले. सर की मागे राहिलेली एखादी साळुंकी, हे पाहायला ती वळली नाही.

"आता आणखी काय राहिलं?" अध्यक्षांनी विचारले.

"एक राहिलंय," ती म्हणाली. "आज तुम्हाला ऐकवला तो आवाज मी काल कापला होता. का कापायचा, हे मला ठाऊक होतं. तेही अहवालात लिहा."